नववी शेपटी

छापखान्यात मी एकतीस वर्षं मोठ्याने वाचायची नोकरी केली. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे. पण अशी नोकरी असते, निदान तेव्हा होती. मुद्रितं तपासणारे गृहस्थ छापलेला कागद पुढ्यात घेऊन बसायचे आणि मी मूळ हस्तलिखित त्यांना वाचून दाखवायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह बंद, सगळं उच्चारून. कायद्याची पुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, शाळेची गणितं, काही म्हणजे काही सोडलं नाही. एकतीस वर्षांत माझ्या तोंडून एक शब्द गळला नाही की एक जास्तीचा पडला नाही. गर्व म्हणा हवं तर. मला दुसरं काही धड येतही नाही.

हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून तुम्हाला माझी लाज वाटेल तेव्हा ती नीट वाटेल. कारण याच बाईने दोन वर्षांपूर्वी एका पुस्तकातली सलग तीन पानं गिळली आणि त्यांच्या जागी आपल्या मनचं काहीतरी ठोकून दिलं. ऐकणारी होती माझी वहिनी.

वहिनी केसांचे टोप करते. पूर्वी नाटकवाल्यांचे करायची, हल्ली जास्त करून आजारपणात केस गेलेल्या बायकांचे. घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल आहे आणि त्यावर लाकडी डोकी. डोक्यावर जाळी ताणून टाचण्यांनी बसवायची, चिमटीत केस धरायचे आणि बारीक आकडीने जाळीच्या भोकातून ओढून गाठ मारायची. मागचा भाग मशीनवर शिवलेल्या पट्ट्यांचा असला तरी चालतो. कपाळावरची कड मात्र हातानेच करावी लागते, एका गाठीत एकच केस, नाहीतर टोप लांबूनच ओरडून सांगतो की मी टोप आहे. या कामात डोळे आणि हात पुरते अडकतात आणि कान रिकामे राहतात. म्हणून मी. नोकरी सुटली त्या आठवड्यापासून मी रोज दुपारी दोनला तिथे जाऊन बसते आणि वाचते. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मला लहानपणापासून 'रेडिओ' म्हणायचा. वहिनीने लग्न होऊन आल्यावर ते नाव तसंच उचललं. ती मला 'वन्सं' म्हणाली आणि 'तुम्ही'वर आली, की समजायचं आपलं काहीतरी चुकलंय.

माझं वाचणं इतकं एकसारखं असतं, की वहिनीने खोलीतलं घड्याळ काढून स्वयंपाकघरात नेऊन लावलं. ती वेळ मोजते पानांत, पान उलटल्याचा आवाज ऐकून. एका पानाला तिच्या पंचवीस गाठी होतात. दर दहा पानांनी ती जाळीच्या कडेला एक टाचणी टोचते. गिऱ्हाईक तारीख विचारायला लागलं की म्हणते, "तुमची कड दोनशे पानांची आहे." समोरची बाई बावचळते. मग वहिनी भानावर येऊन सांगते, "म्हणजे साधारण आठवडा."

दादा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झाला तेव्हा तोही या खोलीत येऊन बसायला लागला. धुतलेले केस लांबीप्रमाणे निवडून त्यांच्या जुड्या बांधायचं काम वहिनीने त्याला दिलं. तो ते करायचा आणि मधून मधून डुलक्या काढायचा. ते पुस्तक आणलं त्यानेच. कव्हरवर कोल्हा होता आणि दादाला कोल्हे आवडायचे. वस्तू घरात आणायला याहून मोठं कारण त्याला कधी लागलं नाही.

मी नाक मुरडलं होतं. जाडजूड पुस्तक, चिनी पुराणांतल्या देवदेवता घेऊन रचलेली जादूची गोष्ट. चंद्रावर बसून औषध कुटणारा ससा, समुद्राच्या तळाशी राज्य करणारे चार ड्रॅगन राजे, हजारो वर्षांनी एकदा पिकणारी अमरपणाची फळं. मी म्हटलं, हे पोराटोरांचं आहे. चाळिसाव्या पानापर्यंत मीच आधी त्यात बुडाले. त्यात एक मुलगी होती, राजवाड्याच्या लेखनशाळेत शाई घोटणारी. पिवळ्या कागदाच्या पट्टीवर लाल शाईने ती अक्षरं काढायची आणि कागद जिवंत होऊन उठायचा. तिचा गुरू म्हणजे नऊ शेपट्यांचा म्हातारा कोल्हा. माणसाचं रूप घ्यायचा, पण शेपट्या लपवायचा त्याला कंटाळा. कोणाचा जीव वाचवला की त्याची एक शेपटी कमी व्हायची. तो कुरकुऱ्या होता, खादाड होता, जेवला की जागच्या जागी झोपायचा आणि जागा झाला की सगळ्यांच्या चुका काढायचा. वहिनी आकडीवरची नजर न काढता म्हणायची, "हा कोण आहे ते मला ओळखू येतंय." दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण तिसरी शेपटी गेली तेव्हा तो जुडी बांधायची थांबला, आणि सहावी गेली तेव्हा म्हणाला, "हा म्हातारा मरायचा नाही. लेखकाची हिंमतच व्हायची नाही."

मग दादाच आजारी पडला. पाच आठवडे तो दवाखान्यात होता आणि आम्ही दोघी आळीपाळीने त्याच्या उशाशी. शेवटच्या दिवशी दोघीही होतो. दुपारी वहिनीने मला जबरदस्तीने खाली चहाला पाठवलं. मी चहा पिऊन वर आले तर ती दादाचा हात हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "आत्ताच गेले."

पुस्तकाची तीसेक पानं उरली होती. कोणाला आठवण असणार. दादाला जाऊन तीन आठवडे झाले आणि वहिनीचा फोन आला. "एक टोप अर्धा राहिलाय, बाई बिचाऱ्या थांबल्यात. ये. आणि ते राहिलंय तेही वाचून टाक."

माझ्या धंद्यात डोळे तोंडाच्या पुढे दीड ओळ चालतात. तोंड एक शब्द बोलत असतं तेव्हा डोळ्यांनी पुढचे दहा पाहिलेले असतात. त्यामुळे नदीचा पूर राजधानीच्या वेशीपाशी पोचला आणि कोल्ह्याकडे एकच, नववी शेपटी उरली, तेव्हा पुढे काय होणार ते मला वहिनीच्या दीड ओळ आधी दिसलं. मी वर पाहिलं. वहिनीची मान जाळीवर वाकलेली, आणि बाजूच्या स्टुलावर दादाने बांधलेल्या जुड्या तशाच ठेवलेल्या. माझं तोंड बोलायला लागलं. मी ऐकत होते नुसती. "आणि पूर आपोआप ओसरू लागला. कोल्ह्याने नववी शेपटी पोटाशी घट्ट धरली आणि तो डोंगरावरच्या गुहेत मोठी झोप काढायला निघून गेला." मग मी तीन पानं एकापाठोपाठ उलटली.

"वाचला?" वहिनीने विचारलं.

"वाचला."

"चला. एक तरी," वहिनी म्हणाली आणि पुढची गाठ मारली.

त्या दोन शब्दांसाठी मी ते पाप पचवलं. नंतर आम्ही खूप पुस्तकं वाचली. खुनांच्या गोष्टी, प्रवासवर्णनं, एका मधमाश्या पाळणाऱ्याचं आत्मचरित्र. कोल्हा गुहेत झोपलेला राहिला आणि माझी चोरीही त्याच्याशेजारी गाढ झोपली.

गेल्या महिन्यात मी दोनला पोचले तर टेबलावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "उघड," वहिनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला वाटलं खायचं काहीतरी असेल. आत दुसरा भाग. कव्हरवर लाल पूल, पुलाखाली धुकं. दुकानात सांगून ठेवून तिने तो मागवला होता, दोन महिने मला पत्ता लागू न देता. "आता उठेल तो गुहेतून," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

मी पुस्तक लगेच उघडलं नाही. का ते सांगते. मी एकटी राहते. दुपारी दोनला उठून जावं अशी मला जगात ही एकच खोली आहे. नणंद-भावजयीचं नातं भावाच्या खुंटीला टांगलेलं असतं. आमची खुंटी गेली, तरी मी वाचतेय आणि ती ऐकतेय एवढ्यावर ते टिकलं होतं. मी तिला भाजी निवडून देत नाही, पैसे देत नाही, नातवंडं दाखवत नाही. मी तिला पुस्तकात जे आहे ते वाचून देते. तेच खोटं निघालं, तर तिने मला कशासाठी बोलवायचं?

पहिलं पान उघडलं. पहिलं वाक्य असं होतं: गुरूच्या मृत्यूला एकोणपन्नास दिवस झाले त्या सकाळी मुलीने शाई घोटणं थांबवलं.

मी वाचलं, "गुरू झोपला त्याला एकोणपन्नास दिवस झाले त्या सकाळी मुलीने शाई घोटणं थांबवलं."

"अजून झोपलाय?"

"वय झालंय त्याचं."

वहिनी हसली. मी पुस्तक घरी घेऊन गेले. म्हटलं, नावं अवघड आहेत, आधी नजर घालते. रोज सकाळी मी पेन्सिल घेऊन बसायची आणि उभ्या जन्मात जे केलं नाही ते करायची. मुद्रितावर करतात तशा समासात खुणा: हे काढा, हे घाला, हे इथून तिथे. पाचशे पानी पुस्तक आणि सगळंच्या सगळं त्या मेलेल्या कोल्ह्याबद्दल. मेलेली माणसं जिथे जातात त्या जमिनीखालच्या मुलखात ती मुलगी उतरते. तिथे एक पूल आहे, आणि पुलावर एक म्हातारी सगळ्यांना वाटीभर सार पाजते. सार प्यायलं की मागचं सगळं विसरायचं आणि नव्या जन्माला मोकळं व्हायचं. गुरू ते सार पिण्याआधी मुलीला पुलावर पोचायचंय. आता गुरू जर डोंगरावर घोरत पडलाय, तर ही मुलगी खाली कशाला चाललीय? मी म्हटलं, त्याच्या गेलेल्या आठ शेपट्या आणायला.

माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली होती. पण तिसऱ्या दिवशी मुलगी अंधारात उभी राहून गुरूला हाका मारायला लागली, तीही सलग दीड पान.

"ती शेपट्यांना हाका मारते?" वहिनीने विचारलं.

"हो."

"त्यांना कान कुठे आहेत?"

"जादूचं पुस्तक आहे वहिनी."

"जादूचं असलं तरी काही ताळतंत्र असतंच की. पहिल्या भागात होतं." ती पुन्हा कामाला लागली. "आणि त्या शेपट्या आठ आहेत, तर रडतेय एकाच कोणासाठी तरी."

काही पानांवर मला उच्चारता येईल असं एकच वाक्य सापडायचं. ती पानं मी सुळकन उलटायची. मग गोष्ट तुटायची, म्हणून पुढच्या पानावर डोंगर, धबधबे, वाऱ्याची दिशा असं मनाचं घालत बसायची. चंद्रावरच्या सशाला मी दोनदा खाली उतरवलं. त्याचं दुसऱ्या भागात काही कामच नव्हतं. मुलगी दुःखी का असते याला मी पोटदुखी असं कारण दिलं. लेखकाने हे ऐकलं असतं तर त्याने मला त्या पुलावर उभं करून स्वतःच्या हाताने सार पाजलं असतं.

सहाव्या दिवशी वहिनीने आकडी खाली ठेवली. पान संपायच्या आत ती कधी आकडी खाली ठेवत नाही.

"इकडे ये. चष्मा घालून ये."

लाकडी डोक्यावर एका गणिताच्या बाईंचा टोप चढवलेला होता. उपचार संपवून त्या पुन्हा शाळेत जाणार होत्या, आणि वहिनीने त्यांना अडीचशे पानांचा वायदा केला होता. जाळीच्या कडेला टाचण्या होत्या. वहिनीच्या टाचण्या म्हणजे फूटपट्टीवरच्या रेघा, एकीपासून दुसरी नेमकी तेवढ्याच अंतरावर. या टाचण्यांत दोन एकमेकींना चिकटलेल्या होत्या. पुढची चार बोटं लांब होती. त्याच्या पुढे पुन्हा तीन एका जागी.

"काल एका पानात माझ्या ऐंशी गाठी झाल्या," वहिनी म्हणाली. "त्याच्या आदल्या पानात सहा. मी म्हटलं, माझा हात बिघडला. दोन दिवस मनगट शेकतेय. मग आज गाठी न मोजता तुला मोजलं."

"छपाई मेली बारीकमोठी आहे," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला. मी पुस्तक दिलं नाही, तिने ते घेतलं. पहिलं पान काढलं. समासातल्या माझ्या खुणा तिला कळल्या नसतील, पण वाक्यं छापलेलीच होती. तिने पहिलं वाक्य वाचलं, मग पुन्हा एकदा. मी टेबलावरची केसांची जुडी सरळ करायला लागले. ती आधीच सरळ होती.

"हा कधी गेला?"

"पहिल्या भागात. शेवटी."

"म्हणजे ती तीन पानं."

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी तीन पानांत मिळून माझ्या नऊ गाठी झाल्या होत्या," वहिनी म्हणाली. "काहीतरी गाळलंस एवढं कळलं. वाटलं, घसा दाटून आला असेल. म्हणून विचारलं नाही. पण गाळणं वेगळं आणि मला सरळ तोंडावर 'वाचला' सांगणं वेगळं. दोन वर्षं मी त्याला जिवंत धरून चाललेय. दुकानात मी काय सांगितलं माहितीये? म्हटलं, त्यातला कोल्हा माझ्या ओळखीचा आहे, तो उठेल तेव्हा मला कळवा. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. आता कळलं का ते."

तिने पुस्तक मिटून आपल्याकडेच ठेवलं.

"वन्सं," ती म्हणाली, "आज पुरे. उद्या येऊ नका."

माझे चार दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. दुपारी दोन वाजता मी चपला घालायची आणि काढायची. तिला पत्र लिहिलं, त्यात सात स्वल्पविराम चुकले, फाडून टाकलं. रोज मनाशी म्हणायची, आपण तिच्यासाठीच केलं ना. तिला त्रास नको म्हणून केलं. एवढं तिला कळू नये? कळू नये म्हणजे काय, असा रागही यायचा. पण तो फार वेळ टिकायचा नाही, आणि तो गेला की घर फारच शांत व्हायचं.

पाचव्या दिवशी फोन आला.

"गणिताच्या बाई सोमवारी येतायत. अर्धी कड उसवली मी, परत घातली, तरी वाकडीच. पानं नसली की माझा हात चालत नाही." मग म्हणाली, "ये. दुसरा भाग इथेच आहे. पहिला घेऊन ये."

रेडिओ म्हणाली नाही, पण वन्संही म्हणाली नाही.

ती तीन पानं गिळल्यापासून पहिला भाग मी माझ्याच घरी ठेवला होता. तो घेऊन गेले. तिने जाळीवर नवी टाचणी टोचली, आकडी उचलली आणि म्हणाली, "तिथून वाच. वेशीपासून. सगळं."

मी पान काढलं. पूर वेशीपाशी आला. कोल्ह्याने मागे वळून आपली उरलेली शेपटी पाहिली. तिथपर्यंत वाचलं. पुढची ओळ मला दिसत होती, अक्षरं ठसठशीत होती, छपाईत काही दोष नव्हता. तोंडातून आवाज निघाला नाही. वहिनी थांबली. मी पाणी प्यायले, मागच्या परिच्छेदापासून पुन्हा सुरुवात केली आणि त्याच जागी पुन्हा अडले. एकतीस वर्षांत मला असं कधी झालं नव्हतं.

"मी तुझ्यासाठी गाळलं होतं," मी म्हटलं. "तुला पुन्हा ते नको म्हणून."

"माझ्यासाठी?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अगं, मी तिथे होते. ह्यांचा हात माझ्या हातात होता. पुस्तकातला कोल्हा मेला म्हणून मला काय नवीन कळणार होतं? तू नव्हतीस तिथे. तू खाली होतीस. ती पानं तू तुझ्यासाठी गाळलीस आणि नाव माझं पुढे केलंस."

मी मान खाली घातली. ते बरोबर होतं.

वहिनीने हात पुसले, माझ्या मांडीवरचं पुस्तक घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. ती फार वाईट वाचते. ओळीखाली बोट धरते, पूर्णविरामावर थांबत नाही, भलत्याच ठिकाणी थांबते. एरवी मी तिला दोन ओळीही वाचू दिल्या नसत्या. तिने वाचलं की कोल्ह्याने मुलीला जवळ बोलावलं आणि सांगितलं, शाई संपलीय, वाड्यातून घेऊन ये, पळत जा. मुलगी पळत गेली. ती गेल्यावर त्याने नववी शेपटी सोडवून नदीवर अंथरली. पूर थांबला. मुलगी शाईची वाटी घेऊन परत आली तेव्हा वेशीपाशी नुसता एक म्हातारा कोल्हा पडलेला होता, साधा, शेपटी नसलेला. वाटीतली शाई अजून हिंदकळत होती. पुढची दोन पानं मुलगी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहते, की मी शाईला गेले नसते तर.

वहिनी तिथे थांबली. या वेळी बरोबर ठिकाणी थांबली.

मी रडत होते, आणि नीट, आवाज काढून रडत होते. दादा गेला तेव्हा मी अशी रडले नव्हते. तेव्हा फोन करायचे होते, कागदांवर सह्या होत्या, आणि वहिनीला सांभाळायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. वहिनीने पुस्तक उघडंच मांडीवर ठेवलं आणि मला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "दादाने माझी आठवण काढली होती का गं? मी खाली असताना?"

दोन वर्षं हा प्रश्न माझ्या जिभेवर होता आणि मी त्याच्याभोवतीचं सगळं वाचत आले होते.

"काय सांगू?" वहिनी म्हणाली. "छापलेलं असतं तसं, की तुझ्यासारखं मनचं?"

"झालं तसं सांग."

"नाही काढली. माझ्याशीही काही बोलले नाहीत फारसं. उशी सरळ कर म्हणाले, मी केली. आता बरं वाटतंय म्हणाले. मग खिडकीकडे बघत पडून राहिले. नंतर मला हाताला कळलं."

"एवढंच?"

"एवढंच. दुखत नव्हतं त्यांना. घाबरलेही नव्हते."

मी डोळे पुसले. दादा असाच जाईल, कोणालाही न विचारता, ते पटण्यासारखं होतं. मग माझ्या मनात आलं ते मी तसंच बोलून गेले. "पण तू मला फोन का नाही केलास? मी जिन्याखालीच होते. तू आत्ताच गेले म्हणालीस, म्हणजे मी दोन मिनिटं आधी आले असते तर..."

"आत्ताच नव्हते गेले," वहिनी म्हणाली.

तिने आकडी उचलली, मग पुन्हा खाली ठेवली.

"वीस-पंचवीस मिनिटं झाली होती. फोन हातातच होता माझ्या, तुझं नाव काढून बसले होते. पण तू आदल्या रात्रीपासून पोटात काही घातलं नव्हतंस. म्हटलं, आता आयुष्यभर तिला हे माहीतच असणार आहे. तेवढा एक चहा तिला भाऊ असताना पिऊ दे."